प्रोसेसर शंभर टक्के : बिघाड की काम?

चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये शिकवणी वर्गांची दाटी आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, बँकेच्या परीक्षा, परदेशी जाण्यासाठीचं इंग्रजी, आणि त्यांच्याच मधे संगणकाचे क्लास. अशा एका क्लासची लॅब कल्पून घेऊ. आठ यंत्रं, सगळ्यांवर उबुंटू. शिकवणाऱ्या सरांनी हौसेनं त्यांवर बॉइंक घातलं आहे, म्हणजे रिकामा संगणक विज्ञानाच्या कामाला लावणारं सॉफ्टवेअर. पंधरा दिवसांत क्लासचे मालक विचारतात, "हे पंखे एवढे का घोंघावतायत? प्रोसेसर शंभर टक्के दाखवतोय, व्हायरस तर नाही ना?"

हाच प्रश्न पुण्यातल्या वसतिगृहातही येतो आणि डोंबिवलीतल्या बैठकीच्या खोलीतही. त्याचं उत्तर देण्याआधी ही शंभर टक्के मेहनत कुणासाठी चालली आहे ते पाहू.

१. हे काम असतं तरी कुणाचं?

१७ मे १९९९ रोजी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून सेटी अ‍ॅट होम सुरू झालं. रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या नोंदींमध्ये परग्रहावरच्या कुणाचा संकेत आहे का, हे शोधायचं होतं. नोंदी अफाट आणि महासंगणक परवडत नव्हता, म्हणून नोंदींचे तुकडे करून ते लोकांच्या घरच्या संगणकांना वाटले. पन्नास लाखांहून अधिक माणसांनी त्यात भाग घेतला. परग्रहावरचं कुणी सापडलं नाही, पण पद्धत चालते हे सिद्ध झालं. तिथल्याच डेव्हिड अँडरसन यांनी पुढे कोणत्याही विज्ञानाला वापरता येईल असा सांगाडा उभा केला, तो बॉइंक. सेटीनं ३१ मार्च २०२० रोजी नवं काम वाटणं थांबवलं. बॉइंक आजही चालू आहे.

मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा त्यातला प्रकल्प म्हणजे आइनस्टाइन अ‍ॅट होम. हा २००५ साली सुरू झाला. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या नोंदींमध्ये तो गुरुत्वीय लहरी शोधतो. लायगोची भारतीय बहीण हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गोंगाटाच्या नोंदींतून क्षीण लहर कशी ओळखायची, यावर पुण्याच्या आयुका या खगोल-संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९० च्या दशकापासून पायाभूत काम केलं. लहर कशी दिसेल याचे हजारो नमुने आधी गणितानं काढायचे आणि प्रत्येक नमुना नोंदीवर सरकवून तो जुळतो का बघायचं, अशी त्यांची रीत.

दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की लहर क्षणभरच येते. आइनस्टाइन अ‍ॅट होम ज्या लहरी शोधतं त्या महिनोन् महिने अखंड, पण फारच मंद असतात. स्वतःभोवती गरगरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यावर किंचितसा उंचवटा असेल तर त्या निघायला हव्यात. तारा कुठे आहे आणि किती वेगानं फिरतो हे ठाऊक नाही, त्यात पृथ्वी स्वतः हलतेय. त्यामुळे आकाशातली प्रत्येक दिशा आणि प्रत्येक कंपनसंख्या तपासावी लागते. अशी अखंड लहर आजवर सापडलेली नाही. मात्र त्याच प्रकल्पात दुर्बिणींच्या नोंदी तपासताना एक नवा स्पंदक तारा, म्हणजे गरगरणारा न्यूट्रॉन ताराच, मिळाल्याचं ऑगस्ट २०१० मध्ये जाहीर झालं. तो पकडणारे संगणक अमेरिकेतल्या आयोवामधल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्त्समधल्या एका गृहस्थाच्या मालकीचे होते. त्यानंतर असे डझनावारी तारे मिळाले आहेत.

तेव्हा हे सॉफ्टवेअर प्रोसेसर पूर्ण वापरतं हा बिघाड नव्हे. तेवढ्यासाठीच ते आपण घातलेलं असतं. मालकांनी विचारायला हवे होते ते प्रश्न निराळे: या कामापायी दुसरं कुणी ताटकळतंय का, यंत्र तापतंय का, आणि बिल किती येतंय.

२. आधी ओळखपरेड

(या प्रकरणातल्या आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, यंत्रावर त्या रोमन अक्षरांत टंकायच्या.)

टर्मिनल उघडून 'टॉप' ही आज्ञा द्या. वरच्या भागात एक ओळ दिसते, ज्यात प्रोसेसरचा वेळ कुठे गेला त्याची टक्केवारी असते. तिथली चार अक्षरजोडकी कामाची आहेत. 'यूएस' म्हणजे तुमचे नेहमीचे कार्यक्रम. 'एनआय' म्हणजे आपण होऊन मागे राहणारे, कमी अग्रक्रमाचे कार्यक्रम. 'आयडी' म्हणजे रिकामा वेळ आणि 'डब्ल्यूए' म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ.

समजा ओळ अशी आहे: यूएस २, एनआय ९७, आयडी १. म्हणजे प्रोसेसर भरला आहे, पण भरणारा जवळजवळ सगळा मागे राहणारा गट आहे. यूएस ९७ आणि एनआय ० दिसलं तर मात्र दाल में कुछ काला है. चंदीगडच्या गोष्टीत एवढं हिंदी चालून जावं.

खालच्या यादीत प्रत्येक कार्यक्रमाचा धनी कोण ते दिसतं. लिनक्सच्या पॅकेजातून घातलेलं बॉइंक 'बॉइंक' नावाच्याच वेगळ्या खात्याखाली चालतं. चार गाभ्यांच्या यंत्रावर त्या खात्याचे चार कार्यक्रम, प्रत्येकी शंभराच्या आसपास, असं चित्र असेल तर सारं ठीक. चारांची बेरीज चारशे होते म्हणून दचकायचं कारण नाही, कारण टॉप एका गाभ्याला शंभर टक्के धरतो. त्याच न्यायानं वर उजवीकडे दिसणारा 'लोड अ‍ॅव्हरेज' चारच्या आसपास असणंही स्वाभाविक. तो नऊवर गेला असेल तर आणखी कुणीतरी रांगेत आहे किंवा डिस्कवर अडकून पडलं आहे.

व्हायरसची शंका अगदीच वाया नसते. दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन काढणारे कार्यक्रम लिनक्सवर सर्रास आढळतात. त्यातल्या एका कुप्रसिद्ध कार्यक्रमाचं नाव 'केडेव्हटीएमपीएफएसआय'. लिनक्सच्या मुळाशी असलेल्या कर्नलमधल्या खऱ्याखुऱ्या 'केडेव्हटीएमपीएफएस' या प्रक्रियेच्या नावाला शेवटी एक 'आय' चिकटवला, झालं. म्हणून नावावर जाऊ नका. प्रक्रियेचा क्रमांक घ्या, 'प्रोक' या फोल्डरमध्ये त्या क्रमांकाच्या फोल्डरात जा आणि 'ईएक्सई' हा दुवा कुठल्या फाइलकडे बोट दाखवतो ते बघा. बॉइंकची कामं 'व्हार', त्यात 'लिब', त्यात बॉइंकचं फोल्डर, अशा ठिकाणाहून चालतात. दुवा 'टीएमपी'सारख्या तात्पुरत्या फोल्डरकडे निघाला तर पाहुणा आगंतुक समजा आणि पुढचं प्रकरण वाचण्याआधी यंत्राची तार काढा, इंटरनेटची.

३. खिडकी बंद केली, तरी पंखा का थांबत नाही?

बॉइंकचे तीन थर असतात, आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. डोळ्यांना दिसते ती मॅनेजरची खिडकी. तिच्यामागे क्लायंट, जो प्रकल्पाकडून काम आणतो आणि कुठलं कधी चालवायचं ते ठरवतो. आणि क्लायंटनं सुरू केलेले गणिताचे कार्यक्रम, प्रोसेसर खाणारे खरे हेच.

खिडकी बंद केली की फक्त खिडकी बंद होते. क्लायंट यंत्र सुरू होताच सेवा म्हणून उठलेला असतो, कुणी लॉगिन केलेलं नसलं तरी. काही जण मग चिडून टॉपमधून गणिताचा कार्यक्रमच मारतात. क्लायंट तो पुन्हा उठवतो, किंवा काम फसलं अशी नोंद करून पुढचं काम घेतो. थकतो तो मारणारा.

तासाभरापुरती शांतता हवी असेल तर मॅनेजरमध्ये 'स्नूझ' आहे. टर्मिनलवरून 'बॉइंकसीएमडी' या आज्ञेला 'सेट रन मोड', 'नेव्हर' आणि ३६०० हा आकडा दिला की ३,६०० सेकंद म्हणजे एक तास काम थांबतं आणि मग आपोआप सुरू होतं. सेवाच थांबवायची तर 'सिस्टिमसीटीएल स्टॉप बॉइंक-क्लायंट'. पण 'स्टॉप' आजपुरतं असतं. उद्या यंत्र चालू केल्यावरही उठायला नको असेल तर 'डिसेबल' लागतं. थांबवल्यानं केलेलं काम पाण्यात जात नाही, कारण कार्यक्रम अधूनमधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतात. शेवटच्या नोंदीनंतरचं तेवढं जातं.

४. शेवटची पंगत

आता गाभ्याचा मुद्दा. प्रोसेसर शंभर टक्के भरलेला असतानाही सरांचं यंत्र सुरळीत कसं चालतं?

लिनक्समध्ये प्रत्येक कार्यक्रमाला 'नाइस' नावाचा एक आकडा असतो, उणे २० पासून १९ पर्यंत. आकडा जितका मोठा तितका कार्यक्रम भिडस्त. बॉइंकची गणितं सहसा १९ वर चालतात. लग्नात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात, तशी ही गणितं. पाहुणे जेवत असतील तोवर ती वाढपात उभी. पानं रिकामी दिसली की बसतात. नवा पाहुणा आला तर उठून जागा देतात. म्हणून पानं नेहमी भरलेली दिसतात आणि तरीही पाहुणा उपाशी राहत नाही.

कागदावर हे इतकं छान आहे, की "नाइस १९ आहे ना, मग मंदपणा बॉइंकमुळे असूच शकत नाही" असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. ते अर्धंच खरं आहे.

स्वतः तपासून बघा. एखादं ठरावीक जड काम घ्या, समजा एक व्हिडिओ लहान करायचा आहे. बॉइंक थांबवून तो दहा मिनिटांत होतो. बॉइंक चालू ठेवून साडेदहा-अकरा मिनिटं लागली तर काळजी नको. स्मृती आणि कॅशे सामायिक असल्यानं तेवढा फरक पडायचाच. पण एकोणीस-वीस मिनिटं लागली तर? मग प्रोसेसर निम्मा-निम्मा वाटला जातोय, आणि नाइसचा आकडा नुसता शोभेला आहे.

असं होतं कारण आजचं लिनक्स कार्यक्रमांना सुटं-सुटं न पाहता गटांत पाहतं. पंगत एका मांडवात नसून दोन मांडवांत आहे: एका मांडवात यंत्राच्या सेवा, दुसऱ्यात लॉगिन केलेल्या माणसाचे कार्यक्रम. आचारी आधी दोन्ही मांडवांना सारखे हंडे पाठवतो, आणि मग ज्या-त्या मांडवात कुणी आधी बसायचं ते ठरतं. बॉइंक सेवांच्या मांडवात. तिथे त्या क्षणी दुसरं कुणी जेवायला नसेल तर ही भिडस्त घरची माणसं अख्खा हंडा संपवतात, आणि शेजारच्या मांडवात पाहुणे ताटकळत राहतात. भिडस्तपणा आपल्या मांडवापुरताच चालतो.

सिस्टिमडी (यंत्राच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्या लिनक्सच्या वितरणांत या मांडवांना 'सिस्टिम स्लाइस' आणि 'युझर स्लाइस' म्हणतात. दोघांचं मूळ वजन १०० असतं. प्रोसेसरची वाटणी गटांनुसार करणं चालू असेल तरच हा परिणाम दिसतो, आणि आजकालच्या बऱ्याच डेस्कटॉपवर ते चालू असतं. जिथे ते चालू नाही, तिथेही २०११ च्या २.६.३८ या कर्नलपासून 'ऑटोग्रुप' नावाची सोय आहे, जी प्रत्येक सत्राचा आपोआप वेगळा गट करते. निकाल तोच.

इथे एक सापळा आहे. बॉइंकच्या सेवेला 'सीपीयू-वेट' १ द्यायचा सल्ला सर्रास मिळतो. पण हे वजन त्याच मांडवातल्या इतर सेवांच्या तुलनेत मोजलं जातं. अख्ख्या सेवांच्या मांडवाचं वजन १०० चं १०० च राहतं, म्हणून तुमचा व्हिडिओ तितकाच रेंगाळतो. चालणारे उपाय दोन. पहिला म्हणजे बॉइंकसाठी तिसरा मांडव घालायचा: वेगळी स्लाइस तयार करून तिला वजन १ द्यायचं आणि सेवेच्या सेटिंगमध्ये 'स्लाइस' या ओळीत तिचं नाव लिहायचं. आता तुमच्या १०० समोर बॉइंकचा १, म्हणजे ओढाताणीच्या वेळी त्याला १०१ मधला एक भाग, साधारण एक टक्का. तुम्ही उठलात की पुन्हा सगळं त्याचंच. दुसरा उपाय 'सीपीयू-कोटा': २०० टक्के लिहिलं की बॉइंकला कधीही दोन गाभ्यांपेक्षा जास्त मिळणार नाही, यंत्र रिकामं असलं तरी. मी पहिल्याच्या बाजूनं आहे. कोटा रिकाम्या यंत्राचाही वेळ वाया घालवतो. सेवेतले हे दोन्ही बदल ('स्लाइस'ची ओळ किंवा कोटा) 'सिस्टिमसीटीएल एडिट बॉइंक-क्लायंट' या आज्ञेनं करता येतात आणि सेवा पुन्हा सुरू केल्यावर लागू होतात. ऑटोग्रुपचा त्रास असेल तर 'सिससीटीएल'मधून तो बंद करता येतो.

५. बॉइंकच्या आतल्या कळा

बॉइंकच्या पर्यायांत टक्केवारीच्या दोन चौकटी शेजारी-शेजारी असतात, आणि माणसं हटकून चुकीची निवडतात. एक 'प्रोसेसरांपैकी किती टक्के', दुसरी 'प्रोसेसरच्या वेळापैकी किती टक्के'. पहिलीत ५० लिहिलं तर चारपैकी दोनच गाभे वापरले जातात, सलग आणि शांतपणे. दुसरीत ५० लिहिलं तर सगळे गाभे क्षणभर पूर्ण वेगानं चालतात आणि क्षणभर थांबतात, सतत. टॉपमधला आकडा झोपाळ्यावर बसल्यासारखा वरखाली होतो, तापमानही त्याच्याबरोबर. दुसरी १०० वरच ठेवा, पहिली कमी करा.

आणखी एक चौकट: बॉइंकखेरीज इतर कामांनी अमुक टक्क्यांहून जास्त प्रोसेसर घेतला तर थांब. मूळ आकडा २५ असतो. संगणक वापरात असताना थांबायची सोयही आहे, पण लिनक्सवर तिचा भरवसा धरू नका. क्लायंट वेगळ्या खात्याखाली चालतो आणि तुमच्या कळफलकाची, माउसची हालचाल त्याला पुष्कळदा दिसतच नाही. वेलँड ही पडदा-व्यवस्था वापरणाऱ्या नव्या डेस्कटॉपवर तर हमखास नाही. तुम्ही टंकत असता आणि त्याच्या लेखी खोली रिकामी असते. त्यापेक्षा ही २५ ची चौकट बरी.

प्रकल्पाच्या संकेतस्थळावर सेटिंग बदललं, यंत्रावर काहीच फरक नाही, ही तक्रारही नेहमीची. यंत्रावर पूर्वी कधी स्थानिक पर्याय जतन केले असतील तर ते संकेतस्थळावरच्या पर्यायांना वरचढ ठरतात. मॅनेजरमधून स्थानिक पर्याय पुसा, मग प्रकल्पाला 'अपडेट' द्या.

आणि 'डब्ल्यूए' वाढलेलं दिसलं तर प्रोसेसरला बोल लावणं सोडा. चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर चार मोठी कामं एकदम चालली की स्मृती संपते, डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि माउसही अडखळतो. तिथे स्मृतीची मर्यादा कमी करायची किंवा कामं दोनवर आणायची.

६. मे महिना आणि मीटर

चंदीगडला मे-जूनमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद लॅबमध्ये आठ यंत्रं अहोरात्र गणित करत असतील तर तो आकडा लवकरच प्रोसेसरच्या अंगावर येतो. ठरावीक तापमानापुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मग विचित्र दृश्य दिसतं: वापर शंभर टक्के आणि काम मात्र आधीपेक्षा कमी. 'सेन्सर्स' ही आज्ञा तापमान दाखवते, आणि इंटेलच्या यंत्रांवर 'डीमेसेज'मध्ये वेग घटवल्याच्या नोंदीही मिळतात. पहिला उपाय सॉफ्टवेअरचा नाहीच: पंख्यातली धूळ काढा. दुसरा, दुपारच्या वेळा बॉइंकच्या वेळापत्रकातून वगळा. 'ऑनडिमांड' वेगनियंत्रक असलेल्या जुन्या यंत्रांवर 'इग्नोर नाइस लोड' नावाची कळ १ केली तर भिडस्त कार्यक्रमांसाठी प्रोसेसर वेग वाढवतच नाही. गणित सावकाश होतं आणि पंखाही शांत राहतो.

बिलाचा हिशेब सोपा. धरून चालू, की गणित करताना एक यंत्र रिकामं असतानापेक्षा ६५ वॅट जास्त खातं. चोवीस तासांत १,५६० वॅट-तास, म्हणजे १.५६ युनिट. तीस दिवसांत ४६.८ युनिट. पाच रुपये युनिट धरलं तर २३४ रुपये. आठ यंत्रांचे १,८७२ रुपये, दर महिन्याला. तुमच्या घरचा दर आणि वॅट घालून पुन्हा गुणा. ही देणगीच आहे, फक्त पावती वीज कंपनीची मिळते.

आणि दुसऱ्याच्या मीटरवर देणगी देताना विचारून द्यावी. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका तांत्रिक महाविद्यालयाच्या संगणक-व्यवस्थापकानं १९९९ मध्ये तिथल्या यंत्रांवर डिस्ट्रिब्युटेड डॉट नेटचा असाच कार्यक्रम परवानगीशिवाय घातला. त्याच्यावर संगणक-चोरीचा खटला भरला गेला. २००२ मध्ये तडजोड होऊन परिवीक्षा आणि भरपाईवर प्रकरण मिटलं. आपल्या सरांनी मालकांना आधी सांगितलं असतं तर व्हायरसची शंकाही आली नसती.

७. नकोच असेल तर

मालक नाही म्हणाले, किंवा उन्हाळा संपेपर्यंत थांबायचं ठरलं, तर तडकाफडकी पॅकेज उडवू नका. प्रत्येक कामाला परत पाठवायची मुदत असते, आणि बऱ्याच प्रकल्पांत एकच काम दोन वेगवेगळ्या माणसांच्या यंत्रांना देऊन उत्तरं जुळतात का ते पाहतात. आधी प्रकल्पाला 'नवी कामं नकोत' सांगा. हातातली संपू द्या; वेळ नसेल तर ती रद्द करा, म्हणजे ती लगेच दुसऱ्याला देता येतात. मग 'अपडेट' दाबून तसं कळवा, प्रकल्प वेगळा करा आणि त्यानंतर सॉफ्टवेअर काढा. नुसतंच काढलं तर सर्व्हर मुदत संपेपर्यंत तुमची वाट बघत बसतो, आणि तेच गणित करून मोकळा झालेला दुसरा कुणी आपल्या उत्तराची पडताळणी व्हायची वाट बघत.